बंडीतल्या दशम्या

आमच्या अण्णांनी आयुष्यात एकच चैन केली, आणि त्या चैनीचा डबा मी अंगावर वाहिला. हे वाक्य मी आमच्या घरात इतक्या वेळा म्हटलंय की माझी लेक आता ते माझ्या आधी पुरं करते. तिला तो विनोद वाटतो. मीही हसवायलाच सांगते म्हणा. बंडी, दशम्या, भडंग, गेटवरची बाई हे सगळं रंगवून सांगायचं आणि ‘मग काय, बसले की उलट्या गाडीत’ इथं थांबायचं, अशी माझी पद्धत. त्याच्या पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. आता आई नाही, अण्णा नाहीत, आणि मीही पन्नाशी ओलांडून कळंब्याच्या घरात गुडघे चोळत बसलेय. तेव्हा पुढचंही लिहून टाकते.

तेव्हा आम्ही वारणानगरला कॉलनीत राहायचो. अण्णा साखर कारखान्यात कारकून होते. दोन खोल्या, मागं मोरी, मोरीच्या पलीकडं आईनं लावलेलं कढीपत्त्याचं झाड. उसाचं गळीत सुरू झालं की मळीचा वास भांड्याकुंड्यांत, केसांत, अंथरुणात शिरायचा, आणि पाहुणे नाक मुरडायला लागले की आम्हाला नवल वाटायचं. सगळी कॉलनी भोंग्यावर उठायची आणि भोंग्यावर जेवायची. आमचं घर मात्र सूर्यावर चालायचं. आम्ही जैन. दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची ही आमच्यातली रीतच, पण आईचा नियम त्याहून कडक होता. लग्न झाल्यावर कुठल्याशा मुनिमहाराजांपुढं तिनं तो घेतला होता. दिवस बुडाला की अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, ते दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत. त्यामुळं संध्याकाळी पाच वाजता आमच्या चुलीवर भाकरी थापायचा आवाज यायचा आणि शेजारच्या काकी विचारायच्या, काय हो, एवढ्यात? वैशाखात तिचे ओठ सकाळी पांढरे पडलेले असायचे. विचारलं की म्हणायची, सवय हाय.

अण्णांचं मात्र वेगळं होतं. चमडी जाय पण दमडी न जाय, हे बाहेरच्यांनी म्हणायचं. आम्हाला ते म्हणायची सोय नव्हती, कारण अण्णा ‘महाग’ हा शब्द कधीच वापरायचे नाहीत. ते म्हणायचे, खात्रीचं खावं. बाहेरच्या खाण्यात कांदा असतो, लसूण असतो, बटाटा असतो, तेल कसलं ते देवाला ठाऊक. लग्नाच्या बस्त्याला कोल्हापुरात गेलो तरी डबा बरोबर, आणि कापडदुकानाच्या पायरीवर बसून आम्ही दशम्या खायच्या. मी एकदा विचारलं होतं की केळ्यात कुठं लसूण असतो, मग केळी का नाही घ्यायची? तर म्हणाले, घरात गूळ हाय न्हवं? धर्म आणि काटकसर यांचं त्यांच्यात असं काही मेतकूट जमलं होतं की एक कुठं संपतो आणि दुसरी कुठं सुरू होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

अशा माणसानं मला शब्द दिला. पेपरात एका पार्कची जाहिरात आली होती, मुंबईच्या अलीकडं नव्यानंच झालेल्या. तिच्यात रोलर कोस्टरचं चित्र होतं, माणसं डोकं खाली पाय वर होऊन हसतायत. माझा धाकटा भाऊ बाहुबली, आम्ही त्याला बाहू म्हणायचो, त्यानं तिचं नाव ठेवलं उलटी गाडी. मी ते चित्र कापून माझ्या पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं. जन्मापासून माझ्या मालकीचं असं त्या ट्रंकेशिवाय काही नव्हतं. कपडे मावसबहिणीचे, पुस्तकं वरच्या वर्गातल्या पोरींची. अण्णांनी ते चित्र पाहिलं आणि म्हणाले, दहावीला केंद्रात पहिली ये, बसवतो तुला त्यात. पोरगी काय पहिली येत नाही, या भरवशावर बोलले असावेत. मी आले. आणि एवढं खरं, की अण्णांनी शब्द फिरवला नाही. दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं. राहायला ओळखीची धर्मशाळा. राहिला खाण्याचा प्रश्न.

त्यासाठी त्यांनी ऊस विभागातल्या पाटलांना गाठलं. पाटील आदल्या वर्षी तिथं जाऊन आले होते. त्यांनी सांगितलं, आतलं खाणं सोन्याच्या भावानं. बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, गेटवर पिशव्या उपसतात आणि डबा सापडला की काढून घेतात. एकदा बाहेर पडलं की त्या तिकिटावर परत आत घेत नाहीत. पाटीलवहिनींनी म्हणे ओच्यात चपात्या बांधून नेल्या होत्या, तर तिथल्या बाईनं नुसत्या चालीवरनं ओळखल्या. शाळकरी पोरींच्या अंगाला मात्र हात लावत नाहीत. हे ऐकून अण्णा घरी आले, हातपाय धुतले, आणि मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. मी तेव्हा उसाच्या चिपाडासारखी होते. माझ्यावर आणखी अर्धी पोरगी सहज मावली असती.

आजोबांची एक जुनी बंडी होती, जाड मांजरपाटाची, शेतकऱ्याची. आईनं तिला पुढं चार आणि मागं चार खिसे शिवले आणि प्रत्येक खिशाला गुंडी लावली. आठवडाभर घरात नुसता तव्याचा वास. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगाच्या पोळ्या, तिळाची चटणी, गूळ, आणि बिनलसणीचा भडंग, त्याच्या छोट्या पुरचुंड्या. मागच्या खिशांत दुपारचं, पुढच्या खिशांत सांजचं, अशी अण्णांची वाटणी. पाठीला घाम येतो, म्हणून पाठीवरचं आधी संपवायचं. सगळं भरून वर सैल पंजाबी ड्रेस घातला आणि मला स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालून दाखवायला लावलं. मी एक पाऊल टाकलं की भडंग खसखस वाजायचा. बाहू लोळून हसायचा. अण्णा गंभीरपणे म्हणाले, हळू चाल, पाय घासून चाल. आईनं दातानं दोरा तोडला आणि विचारलं, “टोचतंय व्हय गं?” मी न्हाय म्हटलं. सोळा वर्षांच्या पोरीला काय टोचतंय ते असं एका शब्दात सांगता येत नसतं.

रात्रभर एसटीत बसून गेलो, धर्मशाळेत आंघोळी केल्या आणि पार्कच्या गेटवर आलो. गेट असं की आमच्या कारखान्याचंही नव्हतं एवढं मोठं. गर्दी, गाणी, रंगीत झेंडे. बाहूचं दप्तर उलटंपालटं केलं, आईच्या पिशवीतला नॅपकिनसुद्धा झटकला. त्या बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी श्वास रोखला, कारण श्वास घेतला तरी वाजत होतं. तिनं विचारलं, कितवीला? मी म्हटलं, अकरावीला. हुशार दिसतेस, म्हणाली आणि सोडलं. अण्णांच्या तोंडावर असा आनंद मी माझ्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. आत गेल्यावर मला वाटलं, आता हे अंगावरनं उतरवून पिशवीत टाकू. तेवढ्यात कारंज्याजवळ एका कुटुंबाचा डबा पहारेकऱ्यानं उचलून नेताना दिसला. आतही फिरते पहारे होते. अण्णा हळूच म्हणाले, असू दे अंगातच.

मग बाहू पाळण्यात बसला, होडीत बसला, लाकडी घोड्यावर तीनदा बसला, आणि मी सगळ्यांच्या चपला सांभाळत उभी. ऊन असं की तूप पाघळून बंडीला लागलं, बंडीचं ड्रेसला, आणि माझ्या अंगाला आमच्या स्वयंपाकघराचा वास यायला लागला. वाकता येईना, टेकून बसता येईना. माझ्याच वयाच्या पोरी ओढण्या कमरेला बांधून पळत होत्या. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी खाल्ला. शेवटी अकराच्या सुमाराला मी अण्णांना म्हटलं, उलटी गाडी. शब्द दिलेला होता, ते नाही म्हणाले नाहीत. आई आणि बाहू लांब सावलीत बसले होते. मी रांगेत तासभर उभी राहिले, पाळी आली, बसले. वरनं छातीवर लोखंडी दांडा येतो तो आला आणि निम्म्यातच अडला. गाडी चालवणारा मिशाळ माणूस होता. त्यानं एकदा दाबलं, दोनदा दाबलं, आणि दुसऱ्यांदा भडंगाचा असा चुरा झाला की मागच्या रांगेनंही ऐकला. तो म्हणाला, ताई, आत काय घातलंय ते काढून या, असं नाही बसता येणार. सगळी गाडी माझ्याकडं वळून बघत होती. मी उतरले. त्या गाडीत बसलेले चेहरे मला अजून आठवतात, आणि त्यांच्यातल्या कुणाला मी आठवत नसेन हे कळत असूनही बरं वाटत नाही.

हे मी अण्णांना सांगितलं. आईला नाही. आमच्या घरात काही सांगायचं ते अण्णांना, आईला सांगून काय होणार, अशी समजूत. अण्णा म्हणाले, सांजचं खिसं मोकळं झालं की बस की, गाडी काय पळून जात्या? तिथं एक सिमेंटचा मोठा डोंगर केला होता, खोट्या झाडांचा, खोट्या धबधब्याचा. त्याच्या मागं आडोशाला आम्ही दुपारचं जेवलो. आईनं माझ्या पाठीमागं हात घालून एकेक दशमी काढली, जशी काय मी फळी होते मांडणीची. बाहूनं चार खाल्ल्या. आईनं अर्धी खाल्ली आणि उरलेली त्याच्या हातावर ठेवली. मला आत्ता भूक न्हाय, म्हणाली, मी सांजचं पोटभर खाते.

जेवून परत येताना मला उलट्या गाडीपाशी पाटी दिसली. शेवटची फेरी साडेपाचला. आणि आमचं सांजचं जेवण साडेपाचला, कारण दिवस सहाच्या आसपास मावळणार. मी तिथंच उभी राहिले. खिसे रिकामे होणार तेव्हा गाडी बंद होणार. दिवसभर मला हे कसं दिसलं नाही? आई आणि बाहू होडीकडं गेले होते, म्हणून मी अण्णांना गाठून म्हटलं, आज चार वाजता जेवू या. अण्णांनी मला समजावून सांगितलं, रागावले नाहीत. चारला जेवलं तर रात्रभर पोटात काय राहणार? जेवढं उशिरा जाईल तेवढं बरं, पण दिवसाच्या आत. आणि मग भूक लागली की बाहेरचं घ्यावं लागतंय. त्यांच्या बोलण्यात एकही भोक नव्हतं. वर म्हणाले, “गाडीचं काय एवढं? बघितलीस न्हवं जवळनं?”

जवळनं. त्या एका शब्दानं माझं डोकं फिरलं. साडेचारला मी आईची कापडी पिशवी घेतली आणि तिला म्हटलं, बाथरूमला जाऊन येते. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत एक मोठं पिंप होतं कचऱ्याचं. दार लावून मी बंडी काढली आणि पुढच्या खिशांच्या गुंड्या सोडल्या. पिशवीत भरावं तर बाहेर फिरते पहारे. अन्न टाकणं आमच्याकडं पाप, ताटात शीत राहिलं तरी आई ते बोटानं पुसून खायची. आई दुपारी अर्धीच दशमी खाऊन उठली होती हे मला आठवलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. आठवलं. दशम्या टाकताना आठवलं, शेंगाच्या पोळ्या टाकताना आठवलं, आणि तरी मी चारही खिसे रिकामे केले. मग गुंड्या परत लावल्या, बंडीची घडी घालून ती कापडी पिशवीत कोंबली, तोंडावर पाणी मारलं. अंग इतकं हलकं झालं होतं की चालताना तोल राहीना. रांग तोवर ओसरली होती. त्या मिशाळ माणसानं मला ओळखलं. दांडा खटकन बसला. म्हणाला, आता कसं!

वर काय झालं विचाराल तर सांगता येत नाही. गाडी चढायला लागली तसे मी डोळे गच्च मिटले ते खाली थांबेपर्यंत उघडलेच नाहीत. एवढ्या दिवसांची हौस, ट्रंकेच्या झाकणाला चिकटवलेलं चित्र, आणि मी त्यातलं काहीएक पाहिलं नाही. कानात नुसती दुसऱ्यांची ओरड. खाली उतरले तेव्हा पाच वाजून गेले होते.

डोंगराजवळ अण्णा रुमाल अंथरून तयारच बसले होते. मी वाटेत ठरवलेलं बोलले. पहारेवाल्या बाईनं पकडलं, सगळं टाकायला लावलं. अण्णा ताडकन उठले आणि गेटकडं निघाले. त्यांना वाटलं, पोरीचं अन्न काढून घेतलं म्हणजे काय, भांडून परत आणू. मी त्यांच्या मागं पळाले, जाऊ दे म्हणाले, हात धरला. ते ऐकेनात. इकडं आड, तिकडं विहीर. गेटवरची ती बाई शपथेवर सांगत होती की मी हिला सकाळनंतर पाहिलंच नाही, आणि अण्णा, ज्यांनी आयुष्यात कुणाला अरे म्हटलं नव्हतं, ते तिला खोटारडी म्हणत होते, दिवस बुडायच्या आत जेवायचंय म्हणून सांगत होते. बाईनं माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. तिला कळलं असणार. तिनं अण्णांना एवढंच म्हटलं, काका, दिवस मावळतीला आला, खायचं असेल तर पहिलं काहीतरी घ्या.

मग मी अण्णांना पळताना पाहिलं. धोतर नव्हतं पण धोतर सावरल्यासारखी पँट धरून ते एका दुकानावरून दुसऱ्या दुकानावर जात होते आणि विचारत होते, ह्यात बटाटा हाय काय? ह्यात कांदा हाय काय? सगळ्यात होता. शेवटी पार पलीकडच्या टोकाला त्यांना एक फळांची गाडी सापडली. अर्धा डझन केळी आणि पाण्याची बंद बाटली घेऊन ते आले. काय भाव पडला ते बोलले नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

आई डोंगराच्या पायथ्याशी बसली होती आणि डोंगराची सावली तिच्यावर आली होती. सूर्य त्या सिमेंटच्या शिखरामागं गेला होता. अण्णांनी केळं सोलून तिच्या पुढं धरलं. आईनं वर पाहिलं आणि मान हलवली. दिवस गेला, म्हणाली.

“अगं, हा डोंगर खोटा हाय,” अण्णा म्हणाले. “माणसानं बांधलेला. दिवस मागं हाय अजून. खा.”

“मला कुठं दिसतोय?”

“चल मग पलीकडं, दाखवतो.”

ते तिला हाताला धरून घेऊन निघाले. हातात सोललेलं केळं, मागं बाहू, मागं मी. डोंगराला वळसा घालून जायला वाट लांब होती, कठडे होते, पाळण्यातून उतरणारी गर्दी होती. आईचे पाय दिवसभरानं सुजले होते. आम्ही पलीकडं पोचलो तेव्हा नुसतं तांबडं राहिलं होतं. अण्णांनी घड्याळ बघितलं आणि पुन्हा आभाळ बघितलं. ते केळं त्यांनी बाहूला दिलं. स्वतः खाल्लं नाही. मलाही विचारलं, आणि मी नको म्हणाले, तेवढं तरी. आई म्हणाली, “मला कुठं भूक हाय? उगंच पळलासा.”

धर्मशाळेपर्यंत बसमध्ये ती डोळे मिटून बसली. ओठांवरनं जीभ फिरवायची आणि थांबायची. बाटली माझ्या मांडीवर होती, गार, आणि मी ती घट्ट धरून ठेवली होती. तेव्हाच सांगून टाकायचं होतं. तोंड उघडलं नाही. पुढं चौतीस-पस्तीस वर्षं उघडलं नाही. आजही दिवस मावळताना मी घरात असले की आधी माठाकडं जाते आणि तांब्याभर पाणी पिते, तहान असो नसो. लेक म्हणते, आई, तुझं हे काय नवीन? नवीन काही नाही त्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तेव्हा आई धर्मशाळेच्या अंगणात पायरीवर बसली होती. अण्णा आणि बाहू देवदर्शनाला गेले होते. ऊन भिंतीवरून उतरून तिच्या पायापर्यंत आलं होतं, तरी ती अजून दोन घटका मोजत होती. मग उठली, हात धुतले, फडक्यातनं पाणी गाळलं, आणि एक तांब्या, मग दुसरा, न थांबता प्याली. मी तिच्या गळ्याकडं बघत उभी होते. तोंड पुसून तिनं कापडी पिशवी जवळ ओढली आणि आतली बंडी काढली. मांडीवर पसरली. पुढचे चारही खिसे चाचपले, गुंड्यांवरनं बोट फिरवलं.

“पकडल्यावर काय गुंड्या लावून परत देत्यात व्हय?” ती म्हणाली.

पायाखालची फरशी चांगली आठवते, लाल होती, कडेला फुटलेली.

“बसलीस न्हवं त्या गाडीत?”

मी मान डोलावली.

“वरनं काय दिसलं?”

डोळे मिटले होते हे तिला सांगायचं धाडस मला झालं नाही. तिच्या एका रात्रीच्या भुकेच्या बदल्यात मी काहीच आणलं नव्हतं, हे कसं सांगणार? मी म्हटलं, समुद्र दिसला. लांबपर्यंत. होड्या होत्या.

“मग बरं,” ती म्हणाली. मग तिनं बंडी झटकली, स्वतःच्या अंगाशी धरून बघितली, खांद्याला लावली. बरोबर बसत होती. “मला सांगायचंस की गं. मी घातली असती.”